ऑल-यू-कॅन-ईट सुशी: पैसे वसूल होतात, की नुसता भात?

चौकस
कॅनडात टोरोंटो-मिसिसॉगा भागातल्या ऑल-यू-कॅन-ईट (ठरलेल्या पैशात हवं तेवढं खा) सुशीबद्दल विचारतोय. सहा जण आहोत, त्यात दोघं शाकाहारी. रात्रीचा दर माणशी ३५ डॉलर, वेळ दोन तास. घरात दोन तट पडलेत: एकाचं म्हणणं, याच पैशात चांगल्या दुकानात मोजून खाऊ, दुसऱ्याचं, सहा जणांना हेच परवडतं. काय मागवावं, कशाला हात लावू नये, आणि कच्च्या माशाबाबत कितपत जपावं?

काट्यासकट
बिनधास्त जा, पण ३५ धरून जाऊ नका. त्यावर १३ टक्के एचएसटी (विक्रीकर) म्हणजे ३९.५५; मूळ रकमेवर १५ टक्के टिप धरली की ४४.८० झाले.

खरा खेळ मागवण्याच्या क्रमात आहे. टॅब्लेटवर एकदम वीस गोष्टी टाकल्या की गरम स्वयंपाकघरातलं सगळं आधी येतं: टेम्पुरा (पिठात बुडवून तळलेलं), ग्योझा (सारण भरलेले मोमोसारखे), तळलेल्या नूडल्स. सुशी बारवर हाताने काम चालतं, ते मागून येतं. तोवर पोट भरलेलं. म्हणून पहिली फेरी फक्त साशिमी (भाताशिवाय कच्च्या माशाचे काप) आणि निगिरीची (भाताच्या गोळ्यावर माशाचा काप). ती टेबलावर आली की मगच दुसरी टाका.

टाकण्याआधी आकडा वाचा. काही ठिकाणी ‘१’ म्हणजे एक नग, काही ठिकाणी एक प्लेट. सहा जणांसाठी ६ दाबून पाच-पाच तुकड्यांच्या सहा प्लेटा येणं ही नेहमीची फजिती. उरलेल्या नगांचे वेगळे पैसे लागतात, ते मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. वरचा मासा खाऊन भात ठेवला तर तोही उरलेल्यातच धरतात. आणि दुपारी दर कमी असतो खरा, पण त्या मेन्यूत बहुधा साशिमी नसते.

भातशिजव्या
असहमत. हिशेब बरोबर आहे, पण मोजायला हवं ते मोजलेलं नाही.

निगिरीवरचा मासा साधारण १२ ग्रॅम, खाली भात १८ ते २० ग्रॅम. अशा ठिकाणी भाताचा आकडा सहज २५ च्या पुढे जातो. उलट्या गुंडाळीच्या (भात बाहेर, समुद्री शेवाळाचं पान आत) आठ तुकड्यांच्या एका रोलमध्ये सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भात. म्हणजे दहा निगिरी आणि दोन रोल खाल्ले की पाचशे ग्रॅम शिजलेला भात पोटात, आणि निगिरीवरचा मासा सगळा मिळून १२० ग्रॅम. पुण्यातल्या अमर्यादित थाळीत पुरी आग्रहाने वाढतात आणि श्रीखंड वाटीच्या तळाशी असतं, तोच प्रकार.

भाताचा दर्जा तर मोजतच नाही कोणी. सुशीचा चांगला भात असा होतो: साडेचारशे ग्रॅम कच्च्या तांदळाला ६० ते ७० मिली तांदळाचं व्हिनेगर, दोन मोठे चमचे साखर, दीड छोटा चमचा मीठ. भात गरम असतानाच हे ओतायचं, उलथन्याने ढवळायचं नाही, कापल्यासारखं फिरवायचं. वाढताना भात अंगाइतकाच कोमट हवा. गर्दीच्या दुकानात गोळे आधीच वळून ट्रेमध्ये झाकून ठेवतात. फ्रिजमध्ये गेले तर स्टार्च घट्ट होऊन दाणा कडक होतो. ओळखायचं कसं? चांगली निगिरी उचलताना टिकते आणि तोंडात दाणा दाणा सुटते. न सुटणारं ते मुटकुळं.

यात यंत्राला दोष देऊ नका. सुझुमो कंपनीने १९८१ मध्ये सुशी वळणारं यंत्र काढलं. नीट लावलेलं यंत्र घाईतल्या हातापेक्षा हलकं दाबतं.

बर्फगोळा
कच्च्या माशाबद्दल. ‘ताजा’ हा शब्द इथे फसवा आहे. अॅनिसाकिससारखे कृमी मरायला मासा उणे २० अंशांत सात दिवस, किंवा उणे ३५ ला गोठवून त्याच तापमानात १५ तास ठेवावा लागतो. घरच्या फ्रीझरचं हे काम नाही. नियंत्रित खाद्यावर वाढवलेल्या अटलांटिक सॅमनमध्ये हा धोका फार कमी असतो, आणि अशा ठिकाणी बहुतेक तोच असतो. (जपानी लोक पूर्वी पॅसिफिकचा सॅमन कच्चा खात नसत तो या कृमींमुळेच, कच्च्या सॅमनची सवय नॉर्वेच्या विक्रेत्यांनी १९८० च्या दशकात लावली.) पण गोठवून जिवाणू मरत नाहीत, फक्त थांबतात. म्हणून गरोदर बाईने कच्चं टाळावं.

प्लेट आली की तळ बघा. ट्यूनाखाली गुलाबी पाणी साचलं असेल तर तुकडा घाईने वितळवलाय, तो स्पंजासारखा लागणार. ट्यूनावर इंद्रधनुषी चमक दिसली तर घाबरू नका, स्नायूंच्या धाग्यांवरून प्रकाश फाकतो, एवढंच. मात्र जिभेला मिरीसारखं चुरचुरलं तर तिथेच थांबा. तो हिस्टामीन असू शकतो, आणि शिजवूनही तो जात नाही.

‘व्हाइट ट्यूना’ किंवा ‘बटरफिश’ पांढराशुभ्र, लोण्यासारखा आला तर तो बऱ्याचदा एस्कोलार हा वेगळाच मासा निघतो. त्यातलं मेण माणसाला पचत नाही, तसंच तेलकट होऊन बाहेर पडतं. जपानमध्ये त्याच्या विक्रीला बंदी आहे. दोन तुकड्यांच्या पुढे जाऊ नका. खरा व्हाइट ट्यूना, म्हणजे अल्बाकोर, फिकट गुलाबी असतो.

सुरळीची_वडी
शाकाहारी दोघांचं कोणी बोललंच नाही. त्यांच्यासाठी हा सौदा तोट्याचा: काकडी, अ‍ॅव्होकाडो आणि रताळ्याच्या टेम्पुराचा रोल, पाच-सहा प्रकार फिरवून फिरवून, आणि दर तोच ३५.

शिवाय ‘व्हेज’ दिसतं ते सगळं व्हेज नसतं. मिसो सूपमध्ये दाशी असतं, म्हणजे बहुधा बोनिटो माशाच्या सालपटांचं पाणी. इनारीच्या गोड टोफू पिशव्याही अनेकदा त्यातच शिजवतात, अगेदाशी (तळलेल्या) टोफूचा रस्साही तोच. ‘क्रॅब स्टिक’ पोलॉक माशाची. जपानी मेयोनीजमध्ये अंडं. टेम्पुराची कढई कोळंबीचीच. ‘मासा आहे का’ असं विचारलं तर ‘नाही’ म्हणतील. ‘दाशी किंवा बोनिटो आहे का’ असं विचारा.

काट्यासकट
सुरळीची_वडी, +१. दाशीचं माझ्याकडून राहिलंच.

भातशिजव्या, भाताचं मान्य. पण सहा जणांनी एकेक निगिरी चाखून कोणता मासा आवडतो ते ठरवायचं, तर मोजून घेण्याच्या दुकानात बिल कुठे जाईल? शिवाय ‘कमी भात’ असा पर्याय काही टॅब्लेटवर असतो, नसला तर वाढणाऱ्याला सांगता येतं.

सोया सॉसकडे लक्ष ठेवा. मोठ्या चमचाभरात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम, आणि दिवसाची मर्यादा २००० ची. निगिरी उलटी करून माशाची कडच बुडवा. भात बुडवला की तो वाटीतच विरघळतो आणि सॉस तिप्पट जातो.

चौकस
आभार. शाकाहारी दोघांना घेऊन वेगळीकडे जाऊ, उरलेले चौघे इथे. शेवटची ऑर्डर कधी बंद होते?

बर्फगोळा
बहुतेक ठिकाणी वेळ संपायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी. बसतानाच विचारून घ्या. आणि शुक्रवारी-शनिवारी रात्री जा, मासा लवकर खपतो. सोमवारी दुपारी नको.