मदत हवी आहे: .३५७ मॅग्नम काडतुसासाठी बंदुकीची एकच दारू रिव्हॉल्व्हर आणि लिव्हर-अ‍ॅक्शन कार्बाइन दोन्हींत चालेल का?

नमस्कार मंडळी,

विषय जरा आडवाटेचा आहे. पण इथे अमेरिकेत शिकारीला जाणारे आणि घरी काडतुसं भरणारे दोन-चार जण आहेत हे जुन्या गप्पांवरून माहीत आहे, म्हणून विचारतोय. भारतातून वाचणाऱ्यांसाठी आधीच सांगतो: इथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला वेगळा केंद्रीय परवाना लागत नाही. भारतात मात्र शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे विनापरवाना दारूगोळा बनवणं हा गुन्हा आहे. तेव्हा "नाशकात कुठे मिळेल" असले प्रश्न नकोत. आणि 'दारू'वरचे विनोद पहिल्या दोन प्रतिसादांत उरकून घ्या.

मी ओहायोत असतो. इथे हरणाच्या हंगामात पूर्वी रायफल चालत नसे, शॉटगन किंवा ठासणीची बंदूक घ्यावी लागे. २०१४ पासून सरळ भिंतीच्या काडतुसांच्या रायफलींना मुभा मिळाली, आणि .३५७ मॅग्नम त्यात बसतं. सहा इंची नळीचं .३५७ चं रिव्हॉल्व्हर माझ्याकडे आधीपासून होतं. आता त्याच काडतुसाची, १८९२ च्या विंचेस्टरच्या घाटाची, २० इंची नळीची ब्राझिलियन बनावटीची लिव्हर-अ‍ॅक्शन कार्बाइन (खालचा दांडा ओढून पुढचं काडतूस चढवायची आखूड रायफल) घेतली. दोन हत्यारं, एक काडतूस, एकच डाय-सेट (काडतूस भरायच्या साच्यांचा संच). कल्पना काही नवी नाही. १८७३ च्या विंचेस्टरचं .४४-४० काडतूस पुढे कोल्टनेही आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये घेतलं, ते याच सोयीसाठी.

आतापर्यंत मी सगळं 'युनिक' या दारूवर भरत आलो. मध्यम वेगाने जळते, रिव्हॉल्व्हरमध्ये मजेत चालते, एक डबा पुष्कळ पुरतो. १५८ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) गोळी, मापात भरलेली, तक्रार काही नाही. पण कार्बाइनमधून तीच काडतुसं क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) मारली तर वेग वाढतो तो अगदीच बेताचा. रेंजवरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लांब नळी घेतलीस आणि तिला उपाशी ठेवलीस." त्यांचा सल्ला एच-११०, म्हणजे हळू जळणारी दारू. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला २४००. तिसऱ्याने 'लिल गन' सुचवली. चौथा यायच्या आत मी सामान आवरलं.

माझी समजूत अशी: जलद दारू पहिल्या दोन-चार इंचांतच संपते आणि पुढे नळी नुसतीच लांब असते. हळू दारू नळीच्या टोकापर्यंत जळत राहते, म्हणून गोळीला ढकलत राहते. हे बरोबर आहे का?

आणि मुख्य प्रश्न: (अ) दोन्हींना चालेल अशी एकच दारू ठेवावी, की दोन डबे ठेवावेत? (आ) एच-११० थोडी कमी भरून रिव्हॉल्व्हरसाठी सौम्य करता येईल का? हरणासाठी पल्ला शंभर यार्डांच्या आतलाच आहे. सरावच जास्त होणार.

ग्रेनचे आकडे मागत नाही, ते काडतूस भरायच्या मॅन्युअलमधूनच घेईन. कृपया इथे देऊही नका.

---

चकमक:

(आ) चं उत्तर आधी, कारण तिथे धोका आहे. नाही. एच-११० कमी भरायची नसते. दाण्यांना चांगला दाब आणि भरलेली केस (काडतुसाचं पितळी कवच) मिळाली तरच ती नीट पेटते. छापील किमान मापाच्या खाली गेलात तर अर्धवट पेटून गोळी नळीतच अडकू शकते, आणि मागून दुसरी मारली तर नळी फुगते किंवा फाटते. उत्पादक स्वतःच हे बजावून सांगतो. मॅग्नम प्रायमर (केसच्या बुडातली, जास्त जोराची ठिणगी देणारी टोपी) आणि घट्ट रोल क्रिंप (केसची कड आत वळवून गोळी आवळणं), या दोन्ही गोष्टी तिला हव्यातच. विंचेस्टर २९६ आणि एच-११० ही एकच दारू आहे, दोन नावांनी विकली जाते. दुकानात एक नसली तर दुसरी घ्या.

आता तुमची समजूत. अर्धी बरोबर आहे. हळू दारूही टोकापर्यंत जळत बसत नाही, तिचंही बहुतेक जळण सुरुवातीच्या काही इंचांतच उरकतं. खरा फरक मापाचा आहे. .३५७ मॅग्नमला दाबाची मान्य मर्यादा ३५,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). जलद दारू त्या मर्यादेला थोड्याशा मापात पोहोचते, तिथे हात आखडावा लागतो. हळू दारू दुप्पट-तिप्पट भरली तरी दाबाचं शिखर तेवढंच राहतं, पण वायू कितीतरी जास्त तयार होतो. शिखर ओलांडल्यावर गोळीमागे जो दाब उरतो तो त्यामुळे जास्त असतो. सहा इंचांत त्याचा थोडाच उपयोग होतो, उरलेला तोंडाशी जाळ आणि आवाज होऊन जातो. २० इंचांत तो कामाला लागतो. १५८ ग्रेनची गोळी रिव्हॉल्व्हरमधून साधारण १२५० फूट प्रति सेकंदाने जात असेल तर तेच पूर्ण मापाचं काडतूस कार्बाइनमधून १७०० च्या वर सहज जातं. युनिकला एवढी वाढ मिळत नाही.

म्हातारबांचं वाक्य मात्र आवडलं.

---

पितळशोध्या:

मी २४०० वाला. वेगात एच-११० पेक्षा थोडी मागे, पण समजूतदार. मॅन्युअलमध्ये तिच्या मापांचा पल्ला रुंद असतो, त्यामुळे पूर्ण आणि मध्यम दोन्ही भरता येतात. तुमच्या "एकच डबा" या हट्टाला हीच सर्वांत जवळ. बरेच जण तिला साधा प्रायमरच वापरतात, पण ज्या मॅन्युअलचं माप घ्याल त्यातलाच प्रायमर घ्या, मिसळ करू नका. फार खाली नेली तर न जळलेले दाणे नळीत आणि बंदुकीच्या यंत्रणेत सांडतात, ते लिव्हर-अ‍ॅक्शनमध्ये फार किरकिर करतात.

'लिल गन'चे वेग छान दिसतात. पण रिव्हॉल्व्हर फार तापतं आणि सिलिंडरला लागून नळीचं जे तोंड असतं ते खातं, अशी तक्रार अनेकांची आहे. फक्त कार्बाइनमध्ये वापरणार असाल तर विचार करा.

---

ओहायोकर:

दारूच्या नादात दोन गोष्टी राहून जातील म्हणून लिहितो.

कार्बाइनचं मॅगझिन नळीसारखं आहे. एका काडतुसाच्या गोळीचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर टेकतं. म्हणून टोकदार कडक गोळी अजिबात नको. सपाट नाकाची किंवा पोकळ टोकाची घ्या. आणि एकूण लांबी: मर्यादा १.५९० इंच. रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर जरा लांब काडतूस मुकाट्याने गिळतं, ९२ च्या घाटाची कार्बाइन अडून बसते. खांदेवाली सेमी-वॉडकटर गोळी तर हमखास अडखळते. दारू विकत घ्यायच्या आधी नकली काडतुसं करून, दारू आणि प्रायमरशिवाय, दहा-बारा वेळा लिव्हर चालवून पाहा.

क्रिंप दोन कारणांनी लागतो. रिव्हॉल्व्हरमध्ये धक्क्याने गोळी बाहेर सरकते, मॅगझिनमध्ये स्प्रिंगच्या दाबाने आत. आत सरकली की जागा कमी, दाब जास्त.

हरणासाठी अजून एक. रिव्हॉल्व्हरच्या वेगासाठी बनवलेली पोकळ टोकाची गोळी कार्बाइनच्या वेगाला फार लवकर उमलते आणि खोल जात नाही. म्हणून शेवटचा शंभर फूट प्रति सेकंद वेग मिळवण्यापेक्षा जरा जड, मजबूत गोळी घेऊन मधल्या मापावर थांबणं मला पटतं. हंगामात मॅगझिन आणि चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) मिळून तीनच काडतुसं ठेवता येतात, हे तुम्हाला माहीत असेलच.

---

धागाकर्ता:

सगळ्यांचे आभार. चकमक, वायूचं गणित आता डोक्यात बसलं. मग ठरतंय ते असं: २४०० चा एक डबा हरणासाठी आणि जोरकस काडतुसांसाठी, सरावाला युनिकच. एच-११० मला लागणार नाही असं दिसतंय, शंभर यार्डांच्या आत तो जास्तीचा वेग घेऊन करायचं काय?

एक शंका उरली. सरावासाठी .३८ स्पेशल या आखूड, सौम्य काडतुसाच्या केसेस वापरल्या तर? माझ्याकडे त्यांची गोणी भरेल.

---

पितळशोध्या:

चालतात, पण कार्बाइनमध्ये मी टाळतो. .३८ ची केस .३५७ पेक्षा साधारण सव्वा-दीड दशांश इंचाने आखूड, त्यामुळे चेंबरमध्ये पुढे काजळीचं कडं जमतं आणि मग .३५७ अडकून बसतं. घासून काढलंत तर प्रश्न नाही. आखूड काडतूस सगळ्या कार्बाइनींत नीट चढतही नाही. त्यापेक्षा .३५७ च्याच केसमध्ये सौम्य भरा.

---

चकमक:

त्याला दोन जोड. युनिकचं सौम्य माप .३५७ च्या केसमध्ये तळाशी बसतं, दोनदा पडलं तरी केस ओसंडत नाही. २४०० किंवा एच-११० दोनदा पडली तर टेबलावर सांडते, लगेच कळतं. म्हणून युनिक भरताना पन्नासचा ट्रे दिव्याखाली धरून प्रत्येक केसमध्ये डोकावल्याशिवाय गोळी बसवू नका.

दुसरं, फार सौम्य मापावर जॅकेटची (वरून तांब्याचं आवरण असलेली) गोळी कार्बाइनमध्ये नको. रिव्हॉल्व्हरमधून ती बहुधा बाहेर पडेल, पण २० इंची नळीत घर्षणाने मध्येच थांबू शकते. सरावाला शिशाची किंवा लेप दिलेली गोळी घ्या. आवाज नेहमीपेक्षा फुसका वाटला तर लिव्हर ओढायची नाही. आधी बंदूक रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहायचं.

---

धागाकर्ता:

लेप दिलेल्या सपाट नाकाच्या १५८ ग्रेनच्या गोळ्या मागवल्या. शनिवारी नकली काडतुसं करून लिव्हर चालवून बघतो. लांबी कुठे अडते ते इथेच कळवीन.