यकृतात गाठ, बायोप्सी न करताच कॅन्सर? मदत हवी आहे

धडपड्या: बाबांच्या लिव्हरमध्ये ४.२ सेमीची एकच गाठ निघाली. डॉक्टर कॅन्सर म्हणून मोकळे, बायोप्सी नको म्हणतात आणि थेट टेस (गाठीच्या धमनीत औषध सोडून तिचा रक्तपुरवठा तोडणं) करायचं म्हणतात. एकच गाठ आहे तर कापून का काढत नाहीत? नेटवर वाचून वाचून डोकं भणभणलंय. सोमवारी हो-नाही सांगायचंय, पटकन लिहा.

मिनू: सिरोसिस (यकृत निबर होणं) आहे का? हिपॅटायटिस? बिलिरुबिन (काविळीची रक्ततपासणी) किती, पोटात पाणी? यातलं काहीच न लिहिता पटकन काय डोंबल सांगणार?

तिरपागडा: टेसच्या फंदात पडू नका. शेजाऱ्यांची गाठ काढ्याने विरघळली.

मिनू: ती कॅन्सरची होती कशावरून? काही काढ्यांनी यकृतालाच इजा होते, उगाच सल्ले देऊ नका.

उगाचच: दारू बंद करा आधी. आणि कॉफी सुरू करा, कॉफी पिणाऱ्यांत हा कॅन्सर कमी दिसतो.

धडपड्या: बाबा थेंबही घेत नाहीत!! सिरोसिस आहेच हो, जुना हिपॅटायटिस बी. बिलिरुबिन २.४, पाणी नाही, एएफपी (या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी) ६२०. बायोप्सीचं बोला.

जुनं_खोड: सिरोसिस असेल तर बहुतेकदा बायोप्सी लागत नाही. ट्रायफेजिक सीटीत (रंगद्रव्य देऊन तीन टप्प्यांत काढलेला स्कॅन) गाठ धमनीच्या टप्प्यात उजळते, नंतर आजूबाजूच्या यकृतापेक्षा काळपट पडते. रिपोर्टात 'वॉशआउट' (हेच काळपट पडणं) किंवा 'लाय-रॅड्स ५' (स्कॅनवरून नक्की कॅन्सर) लिहिलंय का पाहा. सुई घातली की रक्तस्रावाची भीती, क्वचित सुईच्या वाटेवर पेशीही पसरतात. कापायचं तर उरलेल्या यकृताने तग धरायला हवा, २.४ बिलिरुबिनला सर्जन सहसा धजावत नाहीत. पण प्रत्यारोपणाचं विचारलंत? एकच गाठ, ५ सेमीच्या आत, म्हणजे प्रत्यारोपण कोणाला चालेल हे ठरवणाऱ्या १९९६च्या मिलान निकषांत बसते. तोवर गाठ आटोक्यात ठेवायलाही टेस करतात.

तिरपागडा: इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढवणारी औषधं) सोडून हे काय जुनंपानं? माझ्या मावशीला एटेझोलिझुमॅब-बेव्हासिझुमॅब लागू पडलं.

जुनं_खोड: कालपर्यंत काढा होता ना? ते मुख्यतः पसरलेल्या किंवा काढता न येणाऱ्या गाठींसाठी. त्याआधी एंडोस्कोपी करून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघतात, नाहीतर रक्ताची उलटी. धडपड्या, पोर्टल व्हेन (यकृतात रक्त आणणारी मोठी शीर) मोकळी आहे ना? बाबांचं वय?

मिनू: आणि हिपॅटायटिस बी साठी टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर औषध चालू आहे का? तुम्ही भावंडांनी एचबीएसएजी (बी ची लागण दाखवणारी रक्ततपासणी) तपासलंत? वाचायचंच असेल तर अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटची रुग्णांसाठीची पानं वाचा, बाकी टॅब बंद करा.

धडपड्या: वय ६३. आमचं कशाला तपासायचं, गाठ बाबांना आहे! पोर्टल व्हेनचं कुठे लिहितात, पहिल्या पानावर तर नाही.

जुनं_खोड: शेवटी 'इम्प्रेशन' खाली. थ्रॉम्बस (शिरेत गुठळी) लिहिलं असेल तर मी वर जे सांगितलं ते सगळं बदलेल.