पुराची गोष्ट दुरुस्त करून छापावी का?

आमची आई गेल्या माघात गेली. वर्षश्राद्धाला नातवंडांच्या हाती देण्यासाठी तिने सांगितलेल्या गोष्टींची छोटी पुस्तिका छापावी, असे ताईने ठरवले आहे आणि त्यातील पहिल्याच गोष्टीवरून आम्हा बहिणींमध्ये वाद झाला आहे. आई सांगत असे की, १२ जुलै १९६१ च्या मध्यरात्री शनिवार पेठेतील वाड्यात पाणी शिरले, तेव्हा आजीने बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा पदरात बांधून, तान्ह्या आईला कडेवर घेऊन पर्वती गाठली. निघण्यापूर्वी उंबऱ्याशी आलेल्या मुठेची तिने खणानारळाने ओटी भरली आणि त्यामुळेच पूर ओसरला.

प्रत्यक्षात पानशेतचे धरण सकाळी फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे फुटले आणि शहरात पाणी चढले ते दिवसाउजेडी. एवढ्यासाठी मी गोष्टीला हात लावला नसता. परंतु आईची ट्रंक आवरताना पूरग्रस्तांना मिळालेल्या मदतीचा एक कागद सापडला. त्यावर आजोबा, आजी आणि दोन वर्षांची एक मुलगी अशी तीनच माणसे आहेत. त्या मुलीचे नाव आमच्या घरात कोणी कधी उच्चारलेले नाही. आईच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल १९६२ आहे. म्हणजे आजीच्या कडेवर आईची थोरली बहीण होती आणि पुढे केव्हातरी ती गेली. गोष्ट छापायची, तर तिच्या नावानिशी छापावी, असे माझे मत आहे.

एक जुना पेठकर : मी सहमत नाही. दाखल्यावरील तारखेवर एवढा भार टाकू नये. त्या काळी शाळाप्रवेशाच्या सोयीसाठी मास्तर जून महिन्यातील एखादी तारीख लिहून टाकत; माझ्या वडिलांसह तिन्ही भावंडांचा जन्म कागदोपत्री १ जूनचाच आहे. मध्यरात्रीचे म्हणाल, तर पुरानंतर शहरात वीज नव्हती. आपल्या आजीच्या मनात तो अंधारच राहिला असेल आणि गोष्टीत तोच उतरला असेल. नदीची ओटी भरण्याची रीत तर आमच्याही घरी होती. आपल्या आईची गोष्ट आहे तशी राहू द्या.

मावळकन्या : दाखल्यातील साल चुकते हे खरे, पण मदतीच्या कागदावर मुलीचे नाव आहे, ते कसे नाकारणार? हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, तेव्हा गाणारीचे शब्द तसेच ठेवले आणि सोबत तिचे नाव व गावही नोंदवले. आपणही गोष्ट आईच्या शब्दांत छापावी आणि खाली कागदात काय सापडले ते लिहावे.

ताई : ज्या बहिणीचा वर उल्लेख आहे ती मी. तळटिपेची तडजोड मला मान्य नाही. सर्वपित्रीला कावळ्याच्या वाडीशेजारी आई वाटीभर दूधभात वेगळा ठेवत असे, हे धाकटीला आठवत असेल. तो कोणासाठी, असे मी बारावीत असताना आईला विचारले होते. ती म्हणाली, ‘माझ्याआधी होती, तिच्यासाठी. आजीसमोर विचारू नकोस.’ आजी गेल्यानंतरही आईने ते नाव घेतले नाही. ज्या दुःखावर तिने आयुष्यभर पदर घातला, तो तिच्या वर्षश्राद्धाला आपण ओढून काढावा, हे मला पटत नाही. धाकटीला मी सांगितले नाही, ते आईने शब्द घेतला होता म्हणून.

धागाकर्ती : ताई, दूधभात मला आठवतो. तो मांजरासाठी असतो, असे मी समजत होते. हे तू मला आई असताना सांगायला हवे होतेस, याचे वाईट वाटते. तरीही तुझे म्हणणे पटलेले नाही. आईने शब्द घेतला तो आजीसाठी आणि आजी जाऊन आता कितीतरी वर्षे झाली. आई स्वतःला त्या कडेवर बसवून ती गोष्ट का सांगत राहिली, याचा मी रोज विचार करते आहे. आजीला ती मुलगी आठवता यावी आणि तिचे नावही घ्यावे लागू नये, यासाठीच आईने आपली जागा तिला दिली असावी. तसे असेल, तर ती जागा आता त्या मुलीला परत मिळाली पाहिजे. पुस्तिका छापायला टाकू नकोस. शनिवारी ट्रंक घेऊन तुझ्याकडे येते. कागदावरचे नाव आधी तू वाच.