टेबलावरचा रिलॅक्स गोळा बनवतोय, सल्ला द्या

हिंजवडीकर: मंडळी, आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) वापरून एक गोळा बनवतोय, हातात धरला की आतला एलईडी हळूहळू उजळतो नि मावळतो, त्या तालावर श्वास घ्यायचा, मिनिटाला ६. ऑफिसात दोघांना दिला, एक म्हणाला मस्तय, दुसरीने दोन मिनिटांत परत केला, म्हणे उलट धाप लागते. काय चुकतंय?

सोल्डरबहाद्दर: ६ म्हणजे १० सेकंदांचा एक श्वास, नवख्याला एकदम झेपत नाही रे. १२ पासून सुरू करून खाली आण, आणि ६ वर आलं की ४ सेकंद आत, ६ बाहेर असं ठेव. एलईडीला गॅमा करेक्शन (डोळ्याला उजेड एकसारखा वाढतोय असं वाटावं म्हणून कोडमधली दुरुस्ती) टाक, नाहीतर सुरुवातीलाच भसकन उजळल्यासारखा वाटतो.

निवांतकाकू: मुळात लाइट कशाला? दिवसभर स्क्रीनच बघतो की. मोबाइलमधली असते ती व्हायब्रेशन मोटर टाक, डोळे मिटून वापरता येईल नि मॅनेजरलाही कळणार नाही 😄

हिंजवडीकर: काकू, तीही लावून बघितली, टेबलावर ठेवली की घुर्रर्र करत सरकते, शेजारचा म्हणाला फोन उचल रे. आज खाली जुन्या माउसपॅडचा तुकडा चिकटवतो.

सोल्डरबहाद्दर: मोटर थेट नॅनोच्या पिनला जोडली नाहीस ना? मधे ट्रान्झिस्टर नि डायोड लाव, नाहीतर मोटरच्या जादा करंटने नॅनो गेलाच समज.