मदत हवी आहे : नायक्रोम फिल्मची रेझिस्टिव्हिटी चौपट येतेय (तातडीने!)

पातळथर : काचेच्या स्लाइडवर नायक्रोमच्या (निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू) फिल्म्स, म्हणजे अतिपातळ थर, करतेय. पुस्तकात रेझिस्टिव्हिटी (रोधकता) 110 मायक्रोओहम-सेंमीच्या आसपास, माझी 400. बरं, प्रत्येक स्लाइडची वेगळीच. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकरचना बघायची चाचणी) पीक नाही, नुसता काचेचा उंचवटा. सोमवारी गाइडना दाखवायचंय. काय चुकतंय?

ओहमकार : फिल्म केली कशी? जाडी किती? व्हॅक्युम किती? मोजलं कशाने? एवढं न सांगता विचारायचं तर ज्योतिषी गाठ.

पातळथर : थर्मल इव्हॅपोरेशन (व्हॅक्युममध्ये धातू तापवून त्याची वाफ स्लाइडवर बसवणं), अजून काय असणार. निकेल-क्रोमियम 80-20 ची तार, ती तापवायला टंगस्टनची बोट (होडीसारखं भांडं). क्रिस्टल मॉनिटरवर जाडी 50 नॅनोमीटर. रोध मोजला फोर प्रोबने (एका ओळीतली चार टोकं).

जुनाखोडरबर : फोर प्रोब ना, मग सूत्र चुकलंय. एमएस्सीच्या जर्नलातलं जर्मेनियमचं 2πs वालं (s म्हणजे टोकांमधलं अंतर) लावलं असणार. ते जाड नमुन्याला. फिल्मला 4.532 गुणिले व्ही बाय आय, गुणिले जाडी.

ओहमकार : ते लावलं असतं तर चौपट नाही, हजारो पट आलं असतं, काका. 50 नॅनोमीटरला 22 ओहम पर स्क्वेअर (फिल्मच्या चौरस तुकड्याचा रोध) यायला हवेत, तिला 80 येतायत.

कणाद_२ : फिल्म पातळ झाली की इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर आपटतात, रोध वाढणारच. यावरचा फुक्स-सोंडहायमर सिद्धांत वाचा.

ओहमकार : तांब्याला ठीक आहे, तिथे मीन फ्री पाथ (दोन टकरींमधली इलेक्ट्रॉनची सरासरी धाव) 39 नॅनोमीटर. नायक्रोममध्ये निकेल-क्रोमियमची सरमिसळच इलेक्ट्रॉनला धड पळू देत नाही. 50 ला पृष्ठभागाचा फरक पडून पडून किती पडणार? पातळथर, पहिल्या स्लाइडची जास्त, पुढच्यांची कमी, असं होतंय का?

पातळथर : हो!! तार सगळी उडत नाही, उरलेल्यावरच पुढची स्लाइड घेते.

ओहमकार : इथेच तर मेख आहे. क्रोमियम निकेलच्या आधी उडतं. पहिल्या फिल्मला क्रोमियम जास्त, बोटीत निकेल उरतं, ते पुढच्या स्लाइडवर. मिश्रधातू 80-20 फक्त तारेत होता. ईडीएक्सवर (मूलद्रव्यांचं प्रमाण दाखवणारी चाचणी) पहिली आणि शेवटची स्लाइड लाव, दिसेल. दर वेळी मोजून नवा तुकडा घे आणि पूर्ण उडव. तरी खाली क्रोमियम, वर निकेल असा थर बसणारच.

स्पटर_सम्राट : इव्हॅपोरेशनचा नाद सोडा, स्पटरिंग करा (आयनांचा मारा करून टार्गेटमधला धातू स्लाइडवर उडवणं). मिश्रधातूचं टार्गेट घ्या, थोडं प्री-स्पटर करा, टार्गेटचंच प्रमाण फिल्ममध्ये उतरतं.

जुनाखोडरबर : यंत्र तुम्ही पाठवताय का? आम्ही तापल्या बोटीवर चिमूट चिमूट पावडर सोडायचो. फ्लॅश इव्हॅपोरेशन. पडली की उडाली, वेगळं व्हायला वेळच नाही. आणि अॅल्युमिना चढवलेली बोट घे गं, निकेल टंगस्टन खातं.

सुगरण७१ : टोस्टरची नायक्रोम तार तुटलीय, पीळ देऊन चालेल का?

कणाद_२ : ताई, वेगळा धागा काढा. पीळ सैल पडून तिथेच जळते.

ओहमकार : व्हॅक्युमचं राहिलंच. क्रोमियम ऑक्सिजनला सोडत नाही, रोध त्यानेही चढतो.

पातळथर : पेनिंग गेज (व्हॅक्युम मोजणारं) बंद आहे. डिफ्युजन पंप तासभर चालवते मग सुरू करते.

ओहमकार : मग सोमवारी गाइडना आधी गेज दाखव.