मदत हवी आहे: डिसेंबरात कोलकाता, सोबत आई-बाबा

नमस्कार मंडळी, नाताळच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन कोलकात्याला जातोय. मुक्काम एस्प्लनेडजवळ.

पहिला घोळ जेवणाचा. बाबा सुरमई-पापलेटवाले, काटेरी मासा बघूनच ताट सरकवतात. इलिश (काटेरी हिलसा मासा) पावसाळ्यातला, म्हणजे तो प्रश्नच नाही; भेटकी या कमी काट्यांच्या माशाची पातुरी (केळीच्या पानात, मोहरी लावून) त्यांना चालेल असं वाटतं. आई मात्र पक्की शाकाहारी. मोचार घंटमध्ये (केळफुलाची भाजी) कधीकधी कोळंबी टाकतात, म्हणून धास्ती आहे. शुक्तो (कडसर मिश्र भाजी), धोकार डालना (डाळीच्या वड्यांचा रस्सा) नीट मिळेल आणि बाबांनाही मासा मिळेल, असं एकच ठिकाण सुचवा ना! दोघांना दोन हॉटेलांत बसवायची माझी तयारी नाही.

व्हिक्टोरिया मेमोरियलचं संग्रहालय आणि इंडियन म्युझियम सोमवारी बंद, म्हणून त्या दिवशी दक्षिणेश्वर आणि बेलूर मठ ठरवलंय. दोन्हीकडे दुपारी दारं बंद होतात, मग आधी कुठे जावं? या दोन्हींमधल्या होडीत चढताना घाटाच्या पायऱ्या किती अवघड? बाबांचे गुडघे कुरकुरतात. हावड्याला मात्र हुगळीखालच्या मेट्रोनेच जायचं, हा त्यांचा हट्ट आहे. मलिक घाटाचा फुलबाजार बघायला पहाटे किती वाजता पोचावं?

नोलेन गुडाचा (खजुराच्या नव्या गुळाचा) संदेश, म्हणजे छेन्याची मिठाई, उत्तर कोलकात्यात चांगला की भवानीपूरला? आणि २४-२५ तारखेला पार्क स्ट्रीटवर निवांत बिअर प्यायला जागा मिळते, की गर्दीत नुसती रेटारेटी?