इंद्रलाल रॉय: दोन आठवड्यांत १० विमानं?

भिंगरी: पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या बाजूने लढलेला भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय, त्याने जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांत १० जर्मन विमानं पाडली असं वाचलं. वय अवघं १९! आकडा खरा, की मेल्यावर फुगवलेला?

जुना फिटर: आकडा खरा, 'पाडली' हा शब्द जरा सैल. जमिनीवर आपटलेलं विमान इंग्रज हिशेबात धरत, तसंच ताबा सुटून गिरक्या खात खाली गेलेलंही. रॉयच्या दहांत दोन्ही निम्मी निम्मी, आणि दोन विजय दुसऱ्यांबरोबर वाटून घेतलेले. त्या काळी सगळ्यांचीच मोजणी अशी होती, त्यामुळे पोरगं कमी ठरत नाही.

माझं आयुष्य इंजिनांत गेलं. मला त्या दहांपेक्षा ६ डिसेंबर १९१७ ही तारीख मोठी वाटते. ५६ स्क्वाड्रनमध्ये येऊन जेमतेम महिना झालेला, आणि याने एसई-५ए हे इंग्रजांचं लढाऊ विमान आपटलं. जबर जखमी. उड्डाणाला अपात्र ठरवला. बरा होईपर्यंत विमानांची चित्रं काढत बसला. मग मागे लागून पुन्हा पास झाला आणि जून १९१८ मध्ये ४० स्क्वाड्रनला, कॅप्टन मॅकेलरॉयच्या हाताखाली. विमान तेच, एसई-५ए!

त्यात एक व्हिकर्स मशीनगन पंख्याच्या पात्यांमधून झाडायची, दुसरी लुईस वरच्या पंखावर. लुईसचा ९७ गोळ्यांचा डबा संपला की ती रुळावरून खाली ओढून उडता उडता डबा बदलायचा. आम्ही जमिनीवर उभं राहून नट आवळताना घामाघूम व्हायचो. ८ जुलैला याने चार तासांत तीन विमानं टिपली.

सांजवारा: आणि त्या अपघातानंतर मेला समजून शवागारात ठेवला होता, ते?

जुना फिटर: सांगायला झकास गोष्ट आहे, म्हणून सगळे सांगतात. मी नाही सांगत.

टिपणवही: भर घालतो. २२ जुलैला फ्रान्समधल्या कार्व्हँवर जर्मन फोकर डी-७ विमानांशी झुंजताना गेला. तिथेच एस्तवेलला पुरलंय, थडग्यावर बंगालीतही मजकूर आहे. डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे इंग्रजांचं शौर्यपदक मरणोत्तर. आपले पहिले भारतीय हवाईदल प्रमुख सुब्रतो मुखर्जी त्याचे भाचे. मॅकेलरॉयही नऊच दिवसांनी गेला.

भिंगरी: फिटरकाका, उडी नसती का मारता आली?

जुना फिटर: पॅराशूट होतं कुठे? बलूनमधल्या निरीक्षकांना द्यायचे, विमानवाल्यांना नाही. जर्मनांनी त्याच उन्हाळ्यात आपल्या पोरांना द्यायला सुरुवात केली होती.